अर्थ कोणी लावायचा?

हिजाबवरून कुठेही वाद पेटला, मग तो २०२२ मधला कर्नाटकातल्या महाविद्यालयांचा असो की फ्रान्समधल्या शाळांचा, आपल्याकडे दोन भाषणं ठरलेली असतात. पहिलं असं की इस्लाम आणि स्त्रीवाद या एका म्यानात न मावणाऱ्या दोन तलवारी आहेत. ‘इस्लामी स्त्रीवाद’ म्हणणारी बाई एकतर भाबडी असणार, नाहीतर मौलवींनी पुढे केलेली. या भाषणाच्या शेवटी हमखास इजिप्तच्या बंडखोर डॉक्टर-लेखिका नवाल अल सादवी यांचं नाव येतं. दुसरं भाषण असं की इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वीच बाईला वारसा दिला, मेहेर दिला, तिच्या संमतीशिवाय निकाह नाही असं सांगितलं. मग वेगळा स्त्रीवाद हवाच कशाला? दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण एका गोष्टीवर त्यांचं छान जमतं. इस्लामचा अर्थ ठरून गेलाय, आता त्याला चांगलं म्हणायचं की वाईट एवढंच उरलंय. गेली सव्वाशे वर्षं कैरो, बैरूत, रबात इथल्या ज्या बायकांनी नेमका हा ठरलेला अर्थच उसवून पाहिला, त्यांना वाचायची गरज मग कोणालाच पडत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. इस्लाम मुळात स्त्रीला न्याय देतो की नाही, या प्रश्नाच्या उत्तरावर इस्लामी स्त्रीवादाची किंमत ठरवणं चूक आहे. अरब लेखिकांनी केलं ते असं, की धर्मग्रंथाचा अर्थ लावण्याच्या पुरुषी मक्तेदारीत त्यांनी हात घातला. ज्या देशांत लग्न, तलाक, मुलांचा ताबा आणि वारसा यांचा कायदा त्या अर्थावरच चालतो, तिथे हा हात थेट कायद्यात घातलेला असतो. लेखिका स्वतः किती धार्मिक आहे, नमाज पढते का, डोकं झाकते का, हे तपासत बसणं म्हणजे मुद्दा सोडून भलतीकडे जाणं.

मोरोक्कोच्या फातिमा मर्निसी (१९४०–२०१५) यांचं उदाहरण थोडं सविस्तर पाहायला हवं, कारण त्यांच्यावर बोलणारे बरेच असतात आणि त्यांनी नेमकं केलं काय हे सांगणारे थोडे. समाजशास्त्राच्या या प्राध्यापिकेने एकदा आपल्या वाण्याला विचारलं, की बाई मुसलमानांची नेता होऊ शकते का? वाणी हादरला. दुकानात उभ्या असलेल्या एका शिक्षकाने लगेच हदीस, म्हणजे पैगंबरांचं म्हणून सांगितलं जाणारं वचन, ऐकवली: जे लोक आपला कारभार बाईच्या हाती सोपवतात त्यांचं कधी भलं होत नाही. झालं, विषय संपला. सुन्नी परंपरेत सर्वांत विश्वासार्ह मानल्या जाणाऱ्या बुखारींच्या संग्रहातली हदीस म्हटल्यावर पुढे बोलणार कोण? मर्निसी बोलल्या. त्यांनी तो संग्रह आणि त्यावरचं इब्न हजर यांचं भाष्य उघडलं. हदीस सांगणारे अबू बक्रा हे पैगंबरांचे सोबती. इराणच्या गादीवर सम्राटाची मुलगी बसल्याची बातमी आली तेव्हा पैगंबर असं म्हणाले, अशी त्यांची आठवण. पण ही आठवण त्यांनी सांगितली कधी? इ.स. ६५६ मध्ये बसऱ्याजवळ उंटाची लढाई झाली, खलिफा हजरत अली यांच्याविरुद्ध पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांची बाजू हरली, त्यानंतर. पैगंबरांच्या मृत्यूला तेव्हा जवळजवळ पाव शतक होत आलं होतं. बसऱ्यात राहणाऱ्या माणसाने पराभूत आयेशांच्या बाजूने न जाण्याचं कारण देताना हे वाक्य काढलं. शिवाय खलिफा उमर यांच्या काळात एका व्यभिचाराच्या खटल्यात साक्ष दिली आणि आरोप सिद्ध झाला नाही म्हणून याच अबू बक्रांना फटके बसले होते. इमाम मालिक यांनी हदीस सांगणाऱ्याच्या सचोटीची जी कसोटी घालून दिली, ती इथे का लावायची नाही, असा मर्निसींचा सवाल. हे सगळं मांडणारं त्यांचं पुस्तक १९८७ मध्ये फ्रेंचमध्ये आलं आणि मोरोक्कोत त्यावर बंदी आली.

आता मर्निसींवर आक्षेप घेता येतो, आणि तो फुसका नाही. हदीसशास्त्रात न्यायालयातली साक्ष आणि हदीस सांगणं या दोन गोष्टी वेगळ्या मानतात. फटके बसल्यानंतरही जुन्या विद्वानांनी अबू बक्रांच्या हदिसा स्वीकारल्या त्या याच आधारावर. मर्निसींनी हा भेद पुरेसा मोजला नाही, हे मान्य करायला हरकत नाही. पण मग वाद कशावर आला बघा. तो आता कसोटीवर आला, पुराव्यावर आला, कोणत्या परिस्थितीत कोण बोललं यावर आला. वाण्याच्या दुकानात एका वाक्यात संपलेला विषय विद्वानांना पुन्हा उघडावा लागला, तोही त्यांच्याच शास्त्राच्या भाषेत. उत्तर चुकलं असेल, पण प्रश्न विचारण्याचा हक्क बाईला नाही असं म्हणण्याची सोय तर गेली.

आणि हा हक्क काही विसाव्या शतकात पॅरिसहून आयात झालेला नाही. कुत्रा, गाढव आणि बाई समोरून गेली तर नमाज मोडते, ही गोष्ट आयेशांच्या कानावर आली तेव्हा त्या संतापल्या होत्या. आम्हाला कुत्र्या-गाढवांच्या पंगतीला बसवलंत? पैगंबर नमाज पढत तेव्हा मी त्यांच्यासमोर बिछान्यावर आडवी असे, असं त्यांनी सुनावलं. ही नोंदही बुखारींच्याच संग्रहात आहे. चौदाव्या शतकात कैरोतल्या झरकशी या विद्वानाने आयेशांनी पुरुष सोबत्यांच्या सांगण्यात केलेल्या दुरुस्त्यांचा एक ग्रंथच तयार केला. तो छापून प्रसिद्ध व्हायला १९३९ साल उजाडावं लागलं. वाण्याच्या दुकानातल्या शिक्षकाला बुखारींमधलं एक वाक्य तोंडपाठ होतं. त्याच संग्रहातलं आयेशांचं उत्तर किती जणांना पाठ असतं? स्मरणशक्तीचीही निवड असते, आणि ती निवड करणारे बहुतेक पुरुष होते.

इजिप्तमध्ये आयशा तैमूर (१८४०–१९०२) यांनी १८९०च्या दशकातच ‘पुरुष हे स्त्रियांचे पालक’ या कुराणातल्या आयतीला हात घातला होता. त्यांचा तर्क असा की हे पालकत्व पुरुष खर्च करतो, जबाबदारी उचलतो या अटीवर आहे. बायकोच्या पैशावर चैन करणाऱ्याने ते मागू नये. तैमूर उच्चभ्रू घरातल्या, पडद्यात वाढलेल्या. त्यांना उत्तर द्यायला एक शेख, म्हणजे धर्मपंडित, सरसावला, म्हणजे बाण लागला होता. साधारण एक दशक आधी बुलढाण्यात ताराबाई शिंदे यांनीही याच जातीचा प्रश्न विचारला होता, की नियम सगळे बायकांनाच का? दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता. पुढे १९२८ मध्ये लेबनॉनच्या नझीरा झैनुद्दीन यांनी पडदा आणि बेपर्दगी यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. वय वीस. वडील न्यायाधीश, घरात विद्वानांची ऊठबस. कुराणाचा अर्थ लावण्याचा हक्क मला आहे, कारण पडदा कोणी घ्यायचा हा प्रश्न माझ्या अंगावरचा आहे, हा त्यांचा पवित्रा. टीकाकारांनी काय केलं? हे पुस्तक या पोरीने लिहिलंच नाही, मागे पुरुष आहेत, मिशनरी आहेत, असा बोभाटा केला. पुढच्याच वर्षी त्यांनी शेखांना उत्तर देणारं दुसरं पुस्तक काढलं. बाईच्या युक्तिवादाला उत्तर सुचेना की तिच्या लेखकपणावरच शंका घ्यायची, ही खोड काही एकट्या बैरूतची नव्हे.

पाश्चात्त्यांकडून उसनं आणलेलं खूळ हा आरोप मात्र नीट हाताळायला हवा, कारण त्यात सत्याचा अंश आहे. वसाहतवादाने बाईच्या प्रश्नाचा वापर केला, यात शंका नाही. ब्रिटिश प्रशासक लॉर्ड क्रोमर १८८३ ते १९०७ इजिप्तवर सत्ता गाजवत होता आणि इस्लाम स्त्रियांना कसा मागे ठेवतो यावर प्रवचनं झोडत होता. तोच क्रोमर मायदेशी परतल्यावर स्त्रियांना मताधिकार देण्याला विरोध करणाऱ्या संघटनेचा नेता झाला. इजिप्तमध्ये जन्मलेल्या अभ्यासक लैला अहमद यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात हे दुटप्पीपण असं मांडलं की ते पुन्हा झाकता आलं नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये अफगाण स्त्रियांच्या नावाने युद्धाचं समर्थन करणारं अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांचं रेडिओ भाषण याच परंपरेतलं. पण यातून निष्कर्ष काय निघतो? क्रोमर ढोंगी होता म्हणून बहुपत्नीत्व योग्य ठरतं का? इजिप्तच्या लेखिका मलक हिफनी नासिफ (१८८६–१९१८) यांना हा फरक त्या काळीच कळला होता. पडदा टाका म्हणून बायकांना फर्मावणाऱ्या सुधारक पुरुषांवर त्या चिडत. काल झाका म्हणालात, आज उघडा म्हणता, आम्हाला विचारलंत कधी? त्याच वेळी सवतीचं दुःख त्यांनी जितक्या कडवटपणे लिहिलं तितकं त्या सुधारकांना लिहिता आलं नाही. लग्न होऊन फय्यूमला गेल्यावर नवऱ्याला आधीची बायको असल्याचं त्यांना समजलं होतं. पडदा आणि सवत यांत आधी कोणावर बोलायचं, हे ठरवताना त्यांनी ना क्रोमरला विचारलं ना कैरोच्या अल-अझहर धर्मपीठाला.

आता विरोधातल्या सर्वांत बळकट मुद्द्यांकडे येऊ. पहिला मुद्दा मजकुराचा. मुलाला दोन मुलींइतका वाटा (कुराण ४:११), कर्जाच्या दस्तऐवजाला एका पुरुषाच्या जागी दोन स्त्रिया साक्षीदार (२:२८२), आणि ‘पालकत्वा’च्या आयतीतला (४:३४) नवऱ्याने बायकोवर हात उचलण्याचा उल्लेख. कितीही कोलांट्या मारल्या तरी हे शब्द तिथेच राहतात. त्या काळच्या टोळ्यांच्या अर्थव्यवस्थेचा संदर्भ देऊन ते समजून घेता येतात, पण समजून घेणं म्हणजे समान ठरवणं नव्हे. काही इस्लामी स्त्रीवादी लेखनात ‘खरा इस्लाम वेगळाच आहे’ ही टकळी इतकी लागते की वाचणाऱ्याला कंटाळा येतो, मलाही येतो.

दुसरा मुद्दा राजसत्तेचा. नवाल अल सादवी (१९३१–२०२१) यांना १९७२ मध्ये स्त्री आणि लैंगिकतेवरच्या पुस्तकामुळे आरोग्य खात्यातली नोकरी गमवावी लागली, १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांनी त्यांना तुरुंगात टाकलं. १९९१ मध्ये त्यांच्या संघटनेवर बंदी आली, तेव्हा तिची मालमत्ता एका इस्लामी महिला संघटनेकडे वळवण्यात आली. म्हणजे धार्मिक पाटी लावलेली बाई सरकारला सोयीची वाटू शकते. इजिप्तच्याच इस्लामवादी नेत्या झैनब अल गझाली यांचंही उदाहरण आहे. स्वतःच्या कामात नवऱ्याने आड यायचं नाही अशी अट घालून त्यांनी लग्न केलं, राष्ट्राध्यक्ष नासेरच्या तुरुंगात छळ सोसला, आणि इतर बायकांना मात्र पहिलं कर्तव्य घर असं सांगितलं. स्वतःपुरती सूट घेणाऱ्या अशा कर्तबगार बाईला इस्लामी स्त्रीवादी म्हणू नये, असं मला ठामपणे वाटतं. तो शब्द इतका सैल केला तर त्यात कोणीही बसेल. तिसरा मुद्दा सर्वांत कमी बोलला जातो: ज्या बायका मुसलमान नाहीत त्यांचं काय? इजिप्तमध्ये शरियतवर बेतलेला वारसा कायदा कॉप्टिक ख्रिस्ती बायकांनाही लागू होत आला. त्यांनी कुराणाचा नवा अर्थ कशासाठी शोधत बसायचं?

हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. पण त्यातून ‘म्हणून धर्मग्रंथाची वाट बंद करा’ हे निघत नाही, आणि इथे इतिहास आपल्या बाजूने बोलतो. ट्युनिशियाचा १९५६ चा कुटुंब कायदा निधर्मी सुधारणेचं उदाहरण म्हणून सगळे देतात. त्याने बहुपत्नीत्वावर बंदी घातली ती कोणत्या युक्तिवादाने? सर्व बायकांना समान वागवता येत नसेल तर एकीशीच लग्न करा (४:३), आणि तुम्ही कितीही ठरवलं तरी समान वागवू शकणार नाही (४:१२९). या दोन आयती शेजारी ठेवल्या की उत्तर एकच उरतं. इजिप्तमध्ये २००० सालच्या पहिल्या क्रमांकाच्या कायद्याने बाईला नवऱ्याच्या परवानगीविना ‘खुला’ म्हणजे स्वतःहून मागितलेला तलाक घेण्याचा मार्ग दिला. त्याचा आधार साबित इब्न कैस यांच्या बायकोची हदीस: नवऱ्याच्या स्वभावाबद्दल किंवा धर्माचरणाबद्दल तक्रार नाही, पण मला राहायचं नाही, असं ती म्हणाली आणि पैगंबरांनी तिला मेहेरात मिळालेली बाग परत करायला सांगून मोकळं केलं. कायद्याची उणीव उघड आहे, बाईला आर्थिक हक्क सोडावे लागतात, ज्यांच्या गाठीला पैसा आहे त्यांनाच तो परवडतो. तरीही न्यायालयात वर्षानुवर्षं मारहाणीचे साक्षीदार शोधत फिरणाऱ्या बाईला जाऊन सांगा, की हा कायदा हदिसेवर उभा आहे म्हणून तू वापरू नकोस.

मराठी वाचकाला हा पेच नवा नसावा. विधवाविवाहासाठी वेदांतले आधार शोधणारे रानडे, आणि माणुसकीच्या गोष्टीला शास्त्राची परवानगी कशाला असं विचारणारे आगरकर. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर विधवाविवाहावर शास्त्रार्थ झाला आणि निकाल सुधारकांविरुद्ध गेला. तेव्हा आगरकरी पक्षाचं म्हणणं खरं होतं असं सहज म्हणता येईल. आपल्याकडच्या मुस्लिम सुधारणेतही हमीद दलवाई आगरकरांच्या वाटेने गेले आणि २००७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने कुराण हातात धरून तलाकविरुद्ध आवाज उठवला. मग बरोबर कोण? २२ ऑगस्ट २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा तिहेरी तलाकचा निकाल पाहा. तो तीन विरुद्ध दोन असा लागला. तिघांपैकी नरिमन आणि लळित यांनी राज्यघटनेतल्या समानतेच्या आधारावर तो रद्द ठरवला, आणि कुरियन जोसेफ यांनी कुराणात जे वाईट ते शरियतमध्ये चांगलं असू शकत नाही या आधारावर. यातला एक आधार काढला तर बहुमतच उरत नाही.

अरब कथा-कादंबऱ्यांत ही सरमिसळ आणखी मोकळेपणाने दिसते. इजिप्तच्या अलिफा रिफात धर्मनिष्ठ होत्या, आयुष्य बरंचसं इजिप्तमध्येच गेलं, नवऱ्याने लिहायला बंदी केली होती. त्यांच्या एका प्रसिद्ध कथेत बायको नवऱ्याच्या शेजारी पडून छताकडे पाहते. तिच्या शरीराकडे त्याचं लक्ष नाही. नमाजाच्या वेळा हेच तिचं स्वतःचं असं जगणं उरलंय. कथेच्या शेवटी नवरा गेलेला असतो आणि ती शांतपणे कॉफी ओतून घेते. इथे धर्माविरुद्ध ब्रही नाही, आणि पुरुषाविरुद्ध याहून कठोर निकाल क्वचित लिहिला गेला असेल. रिफात यांना घराची रचना बदलायची नव्हती, नवऱ्याने धर्माने सांगितलेलं कर्तव्य करावं एवढंच हवं होतं. इथे माझं त्यांच्याशी जमत नाही. पण त्या कथेतल्या बाईला मूर्ख म्हणायची माझी छाती नाही.

अल्जीरियाच्या असिया जेबार यांचं वळण वेगळं. १९८८ नंतर देशात कडवेपणा वाढताना पाहून त्यांनी इब्न हिशाम आणि तबरी यांचे जुने इतिहास उघडले आणि १९९१ च्या कादंबरीत पैगंबरांच्या काळातल्या बायकांना बोलतं केलं. त्यातली सर्वांत धारदार व्यक्ती पैगंबरांची मुलगी फातिमा. पित्याच्या मागे ती आपला वारसा मागते आणि पैगंबर मागे वारसा ठेवत नाहीत या हदिसेचा दाखला देऊन तिला नाही म्हटलं जातं. ती नकार स्वीकारत नाही. सुन्नी परंपरेचं या प्रसंगाचं स्पष्टीकरण वेगळं आहे, पण जेबार यांनी बोट कुठे ठेवलं ते पाहा: लेकीच्या वाट्यावर.

कारण अडलंय ते तिथेच. मोरोक्कोने २००४ मध्ये कुटुंब कायदा बदलला, लग्नाचं वय १८ केलं, घराची जबाबदारी नवरा-बायको दोघांची ठरवली. मग अस्मा लमराबेत या डॉक्टर-लेखिकेने वारशातल्या समानतेवर बोलायला सुरुवात केली आणि मार्च २०१८ मध्ये त्यांना उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, अधिकृत संस्थेतलं पद सोडावं लागलं. त्याच वर्षी ट्युनिशियात राष्ट्राध्यक्षांनी समान वारशाचं विधेयक पुढे केलं, तेही संसदेत विरून गेलं. टीकाकार म्हणतील, बघा, मजकुराची भिंत आली. पण मोरोक्कोतल्या वादाचा एक मोठा भाग तर मजकुराबाहेरचा आहे. एकुलती एक मुलगी असेल तर कुराण तिला अर्धा वाटा देतं. उरलेला अर्धा चुलत्याकडे किंवा चुलतभावाकडे जावा, हा नियम मुख्यतः हदिसेवर आणि नंतरच्या शास्त्रकारांवर उभा आहे. शिया परंपरा तोच ग्रंथ वाचते आणि तिथे सगळी मालमत्ता मुलीकडे जाते. लेबनॉनमध्ये फक्त मुली असलेले काही सुन्नी बाप म्हणूनच कागदोपत्री शिया होतात.

बाप होऊन पंथ बदलायची तयारी असते, म्हणजे नियम अन्यायाचा आहे हे घरात कळलेलं असतं. २०२४ च्या अखेरीस मोरोक्कोच्या उलेमा मंडळाने हा नियम बदलायला नकार दिला, आणि सोबत पर्याय सुचवला, की बापाने हयातीतच मुलीला बक्षीसपत्र करून द्यावं. मुलीला सगळं मिळण्यात धर्माची अडचण नाही, इतकं तर त्यांनी स्वतःच कबूल केलं. मग जो बाप बक्षीसपत्र करण्याआधीच अचानक जातो, त्याच्या मुलीने चुलत्याच्या दारात उभं का राहायचं?